दर मंगळवारी

२००६ सालची गोष्ट. ह्यांच्यामागे लंडनमधल्या क्रॉयडनच्या घरात मी एकटीच. ह्यांच्या श्राद्धाला फोटोपुढे पान वाढलं, त्यांच्या आवडीची व्हिस्की ठेवायला गेले आणि पाय घसरून पडले. सगळा ग्लास साडीवर सांडला.

हॉस्पिटलात मनगटाला प्लास्टर घालताना नर्सला साडीचा वास आला.

"मिसेस पारखी, घरी रोज पिता का? संकोच करू नका. आमची एक बाई दर मंगळवारी तुमच्याकडे येईल, तासभर बसून बोलेल."

बेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी कितीदा आग्रह केला, तरी मी थेंबालाही शिवले नव्हते. तेच सांगणार होते.

पण विचारलं, "किती दिवस येईल?"

"तुमची दारू सुटेपर्यंत."



"रोज दोन पेग घेते," मी म्हटलं. "लवकर सुटेल असं वाटत नाही."