गुरुवारचा एकुलता एक पाहुणा

‘हसा आता,’ सिस्टर दाराच्या फटीतून बघत पुटपुटल्या. ‘शिंपीबुवा जिना चढतायत.’

वायरमन हसले. सकाळचं भांडण अजून ओठांवरच होतं, त्यामुळे दाढ दुखत असल्यासारखं दिसलं. पण हसले बिचारे.

दोघांनी शपथच घेतली होती. शिंपीबुवांसमोर आवाज चढवायचा नाही. आकाश कोसळलं तरी नाही. गेले दोन गुरुवार त्यांनी ती पाळलीही होती.

सिस्टरांनी तीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढली होती. त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे वायरमनांनी, तेवढीच वर्षं लोकांच्या घरी दिवे लावले. स्वतःच्या घरी काय दिवे लावले ते विचारू नका, असं सिस्टर म्हणायच्या. दोघं निवृत्त झाली, मुलं मार्गी लागली, आणि चर्चमध्ये कोणीतरी विचारलं, मिशनच्या कामाला परदेशी कोण जाईल? दोघांनी एकदमच हात वर केला. आयुष्यात एकमत झालं ते तेवढंच.

आता या परक्या शहरात दुसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली होती. दर गुरुवारी चार वाजता तिथे वाचन आणि प्रार्थना. खुर्च्या बारा, येणारा माणूस एक. समोरच्या इमारतीतले म्हातारे शिंपी. ते वेळेवर यायचे, टोपी मांडीवर ठेवून बसायचे, चहा प्यायचे आणि पाच वाजता जायचे. नवराबायकोची कुरकुर मधूनमधून चालायचीच, पण ती आपल्या भाषेत. परक्या भाषेत भांडणाला रंग चढत नाही.

एका गुरुवारी मात्र कहर झाला. वायरमनांनी खिडकी उघडली, सिस्टरांनी लावली. त्यांनी पुन्हा उघडली, यांनी पुन्हा लावली. खिडकीवरून निघालेली गाडी बघता बघता सासूबाईंपर्यंत पोचली, आणि तीही ऐन प्रार्थनेत. शिंपीबुवा एकदा इकडे बघत होते, एकदा तिकडे. ते गेल्यावर दोघं खाली मान घालून बसली. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान,’ वायरमन म्हणाले. पुढचं सिस्टरांनी मनातच म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी मुख्य कचेरीचं पत्र आलं. महिनाअखेरपर्यंत बघू, कोणी येतच नसेल तर खोली बंद करून परत या. सिस्टरांनी ते दोनदा वाचलं. सगळ्या मंडळींसमोर ऐटीत निरोप घेऊन निघालेली माणसं, आता कोणत्या तोंडाने परत जायचं? आणि खरं सांगायचं तर त्यांना इथे फार आवडायला लागलं होतं. जन्मभर कामावर पळणारा नवरा आता दिवसभर हाताशी होता. म्हणजे सगळी मदार शिंपीबुवांवर. त्यांना जपायलाच हवं होतं.

म्हणून ही शपथ.

‘अहो, खिडकी उघडू का जरा?’ सिस्टरांनी मधाळ आवाजात विचारलं.

‘नको गं. तुला गार वाटेल,’ घामाने निथळणारे वायरमन म्हणाले.

शिंपीबुवांनी घड्याळाकडे पाहिलं. पहिल्या गोड गुरुवारी ते साडेचारला उठले होते. दुसऱ्या गोड गुरुवारी सव्वाचारला. आज चार वाजून दहा मिनिटांनीच त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली.

‘पुढच्या गुरुवारपासून मला जमेलसं वाटत नाही,’ ते दाराशी जाऊन हळूच म्हणाले.

झालं. सिस्टरांना रडूच फुटणार होतं, पण त्यांच्याकडे रडणं नेहमी रागाच्या दाराने बाहेर यायचं.

‘तुमचं ते वाचन!’ त्या आपल्या भाषेत नवऱ्यावर कडाडल्या. ‘अर्धी पानं वगळा म्हणून कितीदा सांगितलं! ऐकून मेलेला माणूससुद्धा उठून जाईल!’

‘आणि तुझं हसणं? सुई टोचायच्या आधी पेशंटकडे बघून हसायचीस तस्संच हसतेस! माणूस पळणार नाही तर काय करेल?’

‘मी हसते म्हणून पळाले? तुम्ही तोंडं वेडीवाकडी करत होता ते?’

‘खिडकी लावून कोंडून मारलंस त्यांना!’

‘तुम्हीच नको म्हणालात!’

‘तू विचारलंस तशा आवाजात कोणीही नकोच म्हणेल!’

असं चांगलं पाच मिनिटं चाललं. दम लागला तेव्हा दोघांनी दाराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. शिंपीबुवा आत येऊन चक्क पहिल्या रांगेत बसले होते. टोपी काढली होती. पाय ऐसपैस पसरले होते.

सिस्टरांची गाडी मात्र उतारावर होती, ती थांबते कुठली! त्या तशाच त्यांच्याकडे वळल्या आणि त्यांच्या भाषेत, मोडक्यातोडक्या शब्दांत सुरू झाल्या.

‘आणि तुम्ही हो! जन्मभर शिंपीकाम केलंत, आणि स्वतःच्या कोटाला मधलं बटण नाही? लोंबणारा धागा तरी कापायचा! घरी कोणी रागवायला नाही का तुमच्या?’

वायरमनांनी कपाळावर हात मारला. गेलं सगळं. शिंपीबुवा गेले, खोली गेली, आता सामान बांधायला घ्यायचं.

‘नाही ना,’ शिंपीबुवा खुर्ची पुढे ओढत म्हणाले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. ‘बायको गेली तेव्हापासून कोणीच नाही. म्हणून तर दर गुरुवारी इथे येतो. हे तीन आठवडे काय झालं होतं तुम्हा दोघांना?’