कुरणातला मेंढा

मेंढा सुटला आणि थॉर्नकोटचं अख्खं गाव बोंबलत त्याच्यामागे धावलं. कारभारी ऑस्बर्ट तेवढा ओढ्याच्या अलीकडे हाताची घडी घालून मजा बघत उभा होता.

धन्याच्या कुरणातलं गवत गावाने फुकट कापायचं आणि शेवटचा पट्टा कापून झाला की धन्याने कुरणात एक मेंढा सोडायचा, ही वाडवडिलांपासूनची रीत. ओढ्याअलीकडे सापडला तर गावाचा, पलीकडे गेला तर धन्याचा. आजवरचे कारभारी आळशी. हाताला लागेल तो म्हातारा, लठ्ठ मेंढा सोडायचे आणि गाव दरवर्षी मटण खायचं. यंदा मात्र धनी सर रेनॉल्ड यांनी ऑस्बर्टला चारचौघांत बजावलं होतं, "हा मेंढा गावाच्या हाती लागला, तर पुढच्या वर्षी तू विळा घेऊन गवत कापणाऱ्यांच्या रांगेत."

ऑस्बर्टने मग डोकं लढवलं. कळपातला सगळ्यात काटक मेंढा निवडला. रोज संध्याकाळी कुत्रं मागे लावून त्याला पळवलं. बघता बघता मेंढा वारा प्यायल्यासारखा उधळायला लागला. पळवून झालं की ऑस्बर्ट दमून दगडावर टेकायचा आणि कमरेच्या पिशवीतले मटार त्याला हाताने चारायचा. एवढे लाड त्याने पोटच्या पोरांचेही केले नव्हते.

आज त्या कष्टांचं चीज होत होतं. म्हातारा वुलस्टन धापा टाकत मेंढ्याच्या सात पिढ्या उद्धरत होता. त्याचा जावई चिखलात उताणा पडला होता. मेंढा ओढ्याच्या काठाशी पोचला, आता एकच उडी. ऑस्बर्टला हसू आवरेना. पोट धरून हसता हसता तो शेजारच्या दगडावर मटकन बसला.

मेंढा थबकला. वळला. दुडक्या चालीने आला आणि त्याने ऑस्बर्टच्या पिशवीत तोंड खुपसलं.

ऑस्बर्टच्या तोंडचं पाणी पळालं. जा की मेल्या, जा, म्हणत त्याने दोन्ही शिंगं धरली आणि तो मेंढ्याला ओढ्याकडे ढकलायला लागला. मेंढा ढिम्म. तोवर गाव भोवती गोळा झालं होतं.

"धरलाय तसाच धरून ठेवा, कारभारी," वुलस्टन म्हणाला. मग त्याने आपला लांब दांड्याचा विळा अदबीने ऑस्बर्टच्या शेजारी टेकवून ठेवला. "पुढच्या वर्षी आमच्या रांगेत आलात की मेंढा तुम्हीच धरायचा. आम्हाला नाही एवढं जमत."