केळीचं लुगडं

"हे रेशीम हाय," अक्काताई म्हणाल्या आणि विंचू दिसल्यासारखा हात मागं घेतला.

"आत्ती, केळ हाय ओ ते! आपल्याच मळ्यातलं," सून आदिती म्हणाली.

"केळीला असली चकाकी? मला खुळी समजतीस व्हय?"

अक्काताईंचा नेम साऱ्या गडमुडशिंगी गावाला ठाऊक होता. रेशमासाठी किडे उकळतात, हे त्यांनी लहानपणी मुनिमहाराजांच्या प्रवचनात ऐकलं आणि रेशीम कायमचं सोडलं. बोहल्यावरसुद्धा सुती लुगड्यात चढल्या. पुढं पन्नास वर्षं जावा शालू नेसून मिरवत राहिल्या आणि अक्काताई त्या शालूंतले किडे मोजत राहिल्या. आज जैन मंदिरात पूजेचा मान त्यांचा होता.

त्यासाठीच आदिती वर्षभर खपली होती. घड उतरले की केळीचे बुंधे बांधावर कुजत पडायचे. तिनं ते सोलले. बाहेरच्या जाड सोपटांचे, म्हणजे सालपटांचे, दोर वळले. आतल्या कोवळ्या सोपटांतून केसासारखा धागा काढला आणि इचलकरंजीला नेऊन विणून आणला. उरल्यासुरल्याचा कोळसा पाडला. तोच इस्त्रीत घालून सकाळी लुगड्याच्या सुरकुत्या मोडल्या होत्या. या खटपटीचं कौतुक घरात एकट्या चंद्री म्हशीला होतं, कारण बुंध्याचा गाभा तिच्या वाट्याला यायचा. एरवी म्हैस मोठी नखरेल. कडबा जरा ओला असला तरी तोंड फिरवायची. गोठ्याजवळच्या दोरीवर वर्षानुवर्षं घरादाराचे कपडे वाळले, तिनं कधी ढुंकून बघितलं नाही.

"एक धागा जाळून बघूया की," आदिती म्हणाली. "रेशीम असलं तर केस जळल्यागत वास येतो. हे कागदागत जळंल."

"आणि निघालं रेशीम तर? उकळून मारलेल्याला परत जाळू?"

"मामा, तुम्ही तरी सांगा!"

सासरे अण्णाप्पा खिडकीशी पुस्तकात डोकं घालून बसले होते. "पुस्तकात असं दिलंय, की केळीचा धागा..."

"पुस्तकात तुमचा संसार बी तुम्हीच केला असंल," अक्काताई म्हणाल्या.

अण्णाप्पांनी पान उलटलं.

अक्काताईंनी लुगडं दोन बोटांत उचललं, बाहेर नेऊन दोरीवर टाकलं आणि ट्रंकेतलं जुनं सुती लुगडं काढायला आत आल्या. आदिती इस्त्रीतला कोळसा विझवत बसली. डोळे पुसताना गालाला काजळी लागली, तीही तिला कळली नाही.

"अगं," अण्णाप्पा खिडकीतून बघत हळूच म्हणाले, "म्हैस सुटली वाटतं. दोर खाल्लाय तिनं. केळीचा."

दोघी बाहेर धावल्या. खुंटाला वीतभर दावं लोंबत होतं. चंद्री कपड्यांच्या दोरीखाली उभी होती. अण्णाप्पांचं धोतर तिनं नाकानं बाजूला सारलं होतं आणि नव्या लुगड्याचा पदर डोळे मिटून सावकाश चघळत होती.

अक्काताईंनी एकदा म्हशीच्या तोंडाकडं, एकदा पदराकडं बघितलं. हातातलं सुती लुगडं त्यांनी खाली टाकलं, पुढं झाल्या आणि पदराचं उरलेलं टोक दोन्ही हातांनी धरून मागं ओढलं.

"सोड गं भवाने!" त्या ओरडल्या. "माझ्या लग्नाचं राहिलेलं लुगडं हाय ते!"