परत घेतलेला नारळ

वर्सोव्याच्या धर्माजी कोळ्याने समुद्राला नारळ दिल्याशिवाय हंगामाचं पहिलं जाळं कधीच टाकलं नव्हतं. पंच्याऐंशी साली मुलाकडे ऑस्ट्रेलियात आल्यावरही तो नारळी पौर्णिमेपर्यंत थांबला. त्या दुपारी वॉलाँगाँगजवळच्या खाडीत त्याने नारळ सोडला आणि मगच गळ टाकला. पहिलाच बास मासा लागला. सोडवताना त्याच्या तळहातावर गाभोळीचे पिवळे दाणे सांडले. धर्माजी चपापला. तिकडे या दिवसांत माशांची वीण संपते, इथे ऋतू उलटे; वसंताच्या तोंडावर ती ऐन भरात होती! मासा अलगद पाण्यात सोडून तो वाहत्या नारळामागे खाडीत उतरला. “बाबा, पाणी फ्रीझिंग आहे, बाहेर या!” मुलगा ओरडला. नारळ घेऊनच म्हातारा कुडकुडत परतला. “वीण आटोपली की पुन्हा द्यायचा. तोवर गळ बंद.” “पण तुमचं तिकीट शनिवारचं!” धर्माजीने ओला नारळ मुलाच्या हातात कोंबला. “मग तू दे.”