उंदीरमामाची मध्यस्थी

लेकीला लातूरच्या हॉस्टेलला ठेवण्यावरून बेंबळीच्या गुरुसिद्धप्पांचं बायकोशी, महादेवीशी, बोलणं बंद झालं. जाताना लेक, शिवलीला, आपला पांढरा उंदीर दोघांच्या पदरात टाकून गेली. "याला सोबत लागते. बोलत राहा, न्हायतर झुरून मरंल."

मग घरात बोलणं सुरू झालं, पण पिंजऱ्याशी.

"मामा, भाकरी वाढलीय म्हणावं," महादेवी म्हणायची.

"मामा, कालवण आळणी झालंय म्हणावं," गुरुसिद्धप्पा सांगायचे.

मामा जाळीला नाक लावून दोघांचंही ऐकून घ्यायचा. अंगानं चांगलाच भरला.

दिवाळीला शिवलीला आली, ती मामाला मामी घेऊनच. "आता तुमची कटकट मिटली," म्हणाली आणि सुट्टी संपताच परत गेली.

त्याच दिवशी महादेवी पिंजऱ्यापाशी आली. "मामा, चहा झालाय म्हणावं."

मामा मामीच्या कुशीत गाढ झोपला होता. निरोप पोचला नाही, म्हणून गुरुसिद्धप्पा खुर्चीतून हलले नाहीत. महादेवी खुर्चीकडं वळली.

"अहो, ऐकलं का? चहा झालाय."



"मी कवाधरनं ऐकायलोय," गुरुसिद्धप्पा उठत म्हणाले, "बोलायलीस तू आत्ता."