सोऱ्यावरचं नाव

झाशीतल्या मराठी घरांतले जुने पदार्थ दाखवणारा सुहासिनीचा ऑनलाइन ग्रुप पहिल्याच व्हिडिओने फोफावला. त्यात तिने पितळी सोऱ्या दाखवून सांगितलं, "हा माझ्या आजीचा." खरं तर तो शेजारच्या अनुसूयाकाकूंकडून मागून आणलेला. त्यावर काकूंचं नाव कोरलेलं होतं; ते सुहासिनी प्रत्येक व्हिडिओत तळव्याखाली झाकायची. आज ग्रुपचे हजारभर लोक लाइव्ह बघत होते. ती चकल्या पाडत असताना तिच्या लेकीचं बोट धरून काकूच आत आल्या. "भाच्याने मोबाइल दिलाय. तुझे सगळे व्हिडिओ पाहिले, बहू," म्हणत त्या शेजारी बसल्या. सुहासिनीचे कान तापले. तेवढ्यात पडद्यावर कुणीतरी विचारलं, "दीदी, आजीचं नाव काय?" तिने तळवा कोरलेल्या नावावर आणखी घट्ट दाबला. काकूंनी तिचा घाम पदराने टिपला. "हात जरा बाजूला घे," हळूच म्हणाल्या, "सोऱ्या नीट दिसत नाहीये त्यांना."