तोल

"घरात आणखी कुणाचा चालताना तोल जायचा?" डॉक्टरांनी विचारलं.

मुलीने आईकडे पाहिलं. आईच म्हणाली, "हिच्या वडिलांचा. पण ते प्यायचे."

"तुम्ही पिताना पाहिलंत?"

आई आठवू लागली. पाहिलं कुणीच नव्हतं. नवरा बस चालवायचा. जिन्यात भेलकांडायचा, हातातून कप सुटायचा. एकदा ब्रेकवरचा पायच त्याला जाणवला नाही. डेपोत बोभाटा झाला, नोकरी गेली. थेंबालाही शिवलो नाही, असं तो कळवळून सांगायचा. शेवटी एक दिवस तिने त्याची बॅग दाराबाहेर ठेवली. त्या गोष्टीला सात वर्षं झाली होती.

मुलगी शिलाईच्या कारखान्यात होती. बोटात सुई घुसली तरी कळेना, म्हणून तपासायला आली होती. डॉक्टरांनी तिचे रिपोर्ट पुढे सरकवले.

"हा आजार रक्ताच्या नात्यातून येतो. एक बिघडलेलं प्रथिन नसांमध्ये साचत जातं. जनुकाच्या तपासणीत ते पक्कं झालंय. नसांना किती इजा झालीय, ते रक्तातल्या या आकड्यावरून कळतं. हिचा आकडा अजून फार चढलेला नाही. लगेच औषध सुरू करू. दर सहा महिन्यांनी रक्त बघू. आकडा उतरला की समजायचं, औषध लागू पडतंय."

मुलीचा जीव भांड्यात पडला. आई मात्र त्या कागदाकडे बघतच राहिली.

संध्याकाळी ती दिराच्या घरी गेली. मागच्या खोलीत नवरा खिडकीशी बसला होता. पार वाळला होता. तिला पाहून उठायला गेला आणि भेलकांडला. तिने धावत जाऊन त्याला सावरलं.

"अहो, चुकलं माझं," ती म्हणाली. "आजार होता तो. आज पोरीच्या रक्तात निघाला, तेव्हा कळलं. घरी चला. तुमचंही रक्त तपासून घेऊ."

ती मान खाली घालून उभी राहिली. सात वर्षांचं साचलेलं सगळं ऐकून घ्यायची तयारी करूनच ती आली होती.

त्याने तिचा खांदा घट्ट धरला.

"पोरीचं वेळेत कळलं ना गं?"